नगरहून बॉस्टनला गेलेला प्रश्न : रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम

१/
केडगावहून दौंडला जावे आणि तेथून मनमाडकडे जाणारी गाडी धरावी, की काही तासांत नगर येते. आज शासकीय दप्तरी ते अहिल्यानगर आहे. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच वर्षी नगरमध्ये एका अमेरिकन धर्मोपदेशकाने मराठी तरुणांसाठी धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू केले. लोहमार्गाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा धागा त्या विद्यालयाच्या प्रमुखाविषयी आणि त्याने नगरहून थेट बॉस्टनपर्यंत नेलेल्या एका प्रश्नाविषयी आहे.

२/
मी केडगावची. मुक्तिमिशनची घंटा ऐकत मोठी झाले. त्यामुळे मिशनऱ्यांविषयीची दोन ठरीव मते मला लहानपणापासून पाठ आहेत. एक म्हणते, ते देवमाणसे होते. दुसरे म्हणते, ते धर्म बुडवायला आले होते. इतिहासाच्या अभ्यासाला लागल्यावर ध्यानात आले, की या दोन्ही मतांत एक गृहीत समान आहे : मिशनरी आपल्याकडे काहीतरी घेऊन आला, आणि येथील माणसांनी ते स्वीकारले किंवा नाकारले. येथील माणसांनी मिशनऱ्याला काही दिले असेल, ही शक्यता दोन्हीकडे नाही. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे चरित्र नेमके तेथेच अडवते.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकातील न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, धर्मोपदेशक आणि महाविद्यालयाचा अध्यक्ष ही बहुधा एकच व्यक्ती असे. येलचे अध्यक्ष टिमथी ड्वाइट (१७९५ ते १८१७) धर्मोपदेशक होते. विल्यम्स महाविद्यालयाचे मार्क हॉपकिन्स (१८३६ ते १८७२) हेही धर्मोपदेशकच. दीक्षित धर्मोपदेशक नसलेला अध्यक्ष येलला मिळाला तो १८९९ साली. वर्ग आणि व्यासपीठ यांच्यामध्ये तेथे भिंत नव्हती. जो शिकवी तोच उपदेश करी, आणि जो उपदेश करी त्याच्यावर श्रद्धेच्या शुद्धतेचीही जबाबदारी असे.

४/
याच वातावरणात १८१० साली 'अमेरिकन बोर्ड' ही परदेशी मिशनकार्याची संस्था जन्मली. तिच्या पहिल्या सदस्यांत येलचे ड्वाइट होते. तिच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी विल्यम्सचा पदवीधर गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला हे पाहुणे नको होते. कलकत्त्यातून त्यांना निघून जाण्याचा हुकूम आधीच मिळालेला होता. मोठ्या खटपटीनंतर मुंबईत राहू दिले गेले. हॉल मराठी शिकला, मराठीत बोलला, आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना पटकीने गेला. हीच अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात.

५/
१८३१ मध्ये या मिशनने नगरला ठाणे केले. पुढे पुणे-नगर रस्त्यावर, घोड नदीकाठच्या शिरूरलाही त्यांचे ठाणे झाले. म्हणजे आपल्या शिरूर-दौंडच्या परिसराला ही माणसे अनोळखी नव्हती. नगरमध्ये सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही १८४२ साली नगरमध्येच सुरू झाले. मराठी आधुनिकतेच्या नकाशावर नगर हे आडगाव नव्हते.

६/
रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईत, भायखळ्यास झाला. वडील रॉबर्ट विल्सन ह्यूम याच मिशनमध्ये होते. प्रकृती ढासळल्यामुळे १८५४ साली ते मायदेशी निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. आईने मुलांना अमेरिकेत वाढवले. रॉबर्ट येलमधून १८६८ साली पदवीधर झाले, अँडोव्हर येथे धर्मशिक्षण घेतले आणि १८७४ साली नगरला आले. अमेरिकेच्या लेखी ते परदेशी निघाले होते. खरे पाहता ते जन्मभूमीला परतत होते.

७/
१८७८ साली सुरू झालेले नगरचे धर्मशिक्षण विद्यालय हे त्यांच्या आयुष्याचे मुख्य काम. न्यू इंग्लंडमधील 'धर्मोपदेशक-अध्यक्ष' ही परंपरा येथे मराठी अंगणात आली. पण विद्यार्थी निराळे होते. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतील होती. ज्यांच्या वाडवडिलांना पाटीवर अक्षर काढू दिले गेले नव्हते, असे तरुण येथे मराठीतून धर्मग्रंथ, इतिहास आणि वक्तृत्व शिकत. पुढे ते खेडोपाडी पाळक आणि शिक्षक होत.

८/
आता प्रश्नाकडे येऊ. त्या काळच्या कडव्या अमेरिकन श्रद्धेनुसार मनुष्याचा निकाल मृत्यूच्या क्षणी कायमचा लागे. ज्याने हयातीत ख्रिस्ताला स्वीकारले नाही, त्याला अनंतकाळचा नरक. बॉस्टनच्या प्रार्थनामंदिरात बसून हे मानणे तुलनेने सोपे होते. तेथे ज्याच्या कानी ख्रिस्ताचे नाव गेले नाही असा माणूस शोधावा लागला असता. नगरच्या परिसरात मात्र प्रत्येक नवख्रिस्ती माणसाच्या मागे शेकडो वर्षांचे पूर्वज उभे होते. त्यांतील एकानेही ते नाव ऐकले नव्हते.

९/
आपल्याकडे पितरांचे महत्त्व सांगायला नको. भाद्रपदातील पितृपंधरवडा, सर्वपित्री अमावास्या, कावळ्यासाठी काढलेला घास, हे सारे गेलेल्या माणसांशी नाते तुटू नये म्हणून आहे. जो आजा दिवसभर वेठ करून रात्री नातवाला मांडीवर घेई, तो आता अनंत आगीत आहे, आणि तेही जे कधी कानावरच आले नाही ते मानले नाही म्हणून, असे त्या नातवाला सांगायचे कसे? जो देव असा निवाडा करतो, त्याला न्यायी कसे म्हणायचे? आणि दयाळू तरी कसे? नगरच्या वर्गात हा पुस्तकी प्रश्न राहू शकत नव्हता.

१०/
त्याच सुमारास अँडोव्हरच्या काही प्राध्यापकांनी एक पर्याय पुढे मांडला होता. ज्यांना या जन्मी ख्रिस्ताची ओळखच झाली नाही, त्यांना मृत्यूनंतर तरी ती संधी मिळत असावी, असे अनुमान करण्यास वाव आहे, असे त्यांचे म्हणणे. याला आपण 'मरणोत्तर संधी' म्हणू. आज हे वाक्य सौम्य वाटते. तेव्हा मात्र वादळ उठले. विरोधकांचा युक्तिवाद सरळ होता : मेल्यावरही संधी मिळणार असेल, तर मिशनरी पाठवायचे कशाला? लोक पैसे तरी का देतील?

११/
१८८६ साली ह्यूम रजेवर अमेरिकेत होते. अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ते या विषयावर बोलले. आपण नगरमध्ये मरणोत्तर संधी शिकवतो, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांच्या बोलण्याचा आशय एवढाच, की अशी आशा बाळगण्यास मनाई करणारी शिकवण हा भारतातील कामावर पडलेला नाहक भार आहे. बारा वर्षे प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचे हे निरीक्षण होते. अमेरिकन बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यावरून त्यांना भारतात परत पाठवण्याचेच रोखून धरले.

१२/
याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नगरला विद्यालय होते, विद्यार्थी होते, जन्मगावचा प्रांत होता. परतीचे तिकीट मात्र बॉस्टनच्या हाती होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये आयोवा राज्यातील डेस मोइन्स येथे बोर्डाची वार्षिक सभा भरली. विल्यम्स महाविद्यालयाचे माजी अध्यक्ष मार्क हॉपकिन्स हेच तेव्हा बोर्डाचेही अध्यक्ष होते. मिशनऱ्याची श्रद्धा तपासण्याचा अधिकार समितीला किती असावा, यावर तेथे कडाक्याचा वाद झाला. चिटणीस एडमंड ऑल्डन यांचा गट तसूभरही सवलत द्यायला तयार नव्हता.

१३/
अँडोव्हरमध्येही तेच चालू होते. तेथील प्राध्यापकांना ठरलेल्या श्रद्धापत्रावर पुनःपुन्हा सही करावी लागे. त्या पत्राशी विसंगत शिकवल्याबद्दल प्राध्यापक एग्बर्ट स्मिथ यांच्यावर रीतसर चौकशी बसली. १८८७ साली त्यांना पदावरून दूर करण्याचा निर्णय झाला, आणि १८९१ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. ह्यूम यांच्यावर न्यायालयात जाण्याची वेळ आली नाही. बोर्डाला आपला पवित्रा सोडावा लागला आणि १८८७ साली ते नगरला परतले.

१४/
येथे केडगावच्या वाचकाला एक योगायोग जाणवेल. नेमक्या याच काळात, मार्च १८८६ पासून, पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या होत्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर लगेचच त्यांचा चर्चच्या अधिकाराशी खटका उडाला होता. त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या आज्ञेपर्यंत त्यांनी प्रश्न विचारले, आणि माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाकडे गहाण टाकणार नाही, अशा आशयाची उत्तरे त्या वाँटेजच्या भगिनींना लिहीत राहिल्या.

१५/
डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल, फिलिप्स ब्रुक्स, लायमन ॲबट असे उदारमतवादी धर्मोपदेशक तिचे पदाधिकारी झाले. म्हणजे ज्या शहरातून ह्यूम यांना अडवले गेले, त्याच शहरातील दुसऱ्या वर्तुळाने रमाबाईंना हात दिला. एक ब्राह्मण विदुषी, एक येलचा पदवीधर. दोघांची पार्श्वभूमी पूर्ण निराळी. परंतु दोघांपुढचा प्रश्न एक होता : श्रद्धेचा अर्थ ठरवणार कोण? दूरचे कार्यालय, की जिथे ती श्रद्धा जगायची आहे तिथली माणसे?

१६/
१८९३ हे वर्ष महत्त्वाचे. त्या सप्टेंबरात शिकागोला सर्वधर्मपरिषद भरली. स्वामी विवेकानंदांमुळे ती आपल्या स्मरणात आहे. त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नगरकर आणि जैन धर्माचे वीरचंद गांधी बोलले, आणि नगरच्या ह्यूम यांनीही ख्रिस्ती व हिंदू विचारांतील साम्य आणि भेद या विषयावर निबंध वाचला. सात वर्षांपूर्वी एका वाक्यापायी अडवलेला माणूस आता साम्यांविषयी जाहीरपणे बोलत होता. त्याच वर्षी अमेरिकन बोर्डाने मरणोत्तर संधी मानणाऱ्या एका मिशनऱ्याला स्वीकारले, आणि ऑल्डन पदावरून दूर झाले.

१७/
नगरमध्ये या बदलाचे रूप आणखी ठळक दिसले. १८९५ साली नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही भारतीय पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. पुढे ते नगरला आले आणि विद्यालयात शिकवू लागले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. मृत्यूपूर्वी ख्रिस्त न ऐकलेले सारे नरकात, हे सूत्र धरले तर तुकोबा कुठे जातात? ज्या विद्यालयाच्या प्रमुखाने हा भार नाहक आहे असे उघड म्हटले होते, तेथे टिळकांना अभंग आणि ओवी घेऊन वर्गात शिरता आले.

१८/
याच काळात दुष्काळ आले : १८९६-९७ चा आणि त्याहून भीषण १८९९-१९०० चा. पहिल्यात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली व विधवा आणल्या आणि केडगावच्या शेतात मुक्ती उभी राहिली. दुसऱ्यात ह्यूम अमेरिकन मदतीच्या वाटपात अग्रभागी होते. मे १९०० मध्ये न्यूयॉर्कहून 'क्विटो' हे जहाज मक्याने भरून मुंबईकडे निघाले, ते याच मदतीचा भाग. ह्यूम यांना सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. अनाथ मुलांची वसतिगृहे भरली आणि ख्रिस्ती मंडळ्याही वाढल्या.

१९/
येथे आक्षेप टाळता येत नाही. भुकेल्या माणसाने घेतलेला निर्णय मोकळा म्हणायचा का? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही तो रास्त आहे. पण त्याच दमात दुसराही विचारावा लागतो : ज्या गावात पाणवठा बंद होता, त्या गावात राहण्याचा निर्णय तरी मोकळा होता का? दुष्काळात आलेल्या साऱ्यांनाच लाचार ठरवताना आपण त्यांच्याकडून विचार करण्याची क्षमता काढून घेतो. पूर्वजांचा प्रश्न विचारू शकणारी माणसे केवळ धान्यासाठी आलेली नसतात.

२०/
ह्यूम यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ख्रिस्ताच्या श्रेष्ठत्वाविषयी त्यांना अखेरपर्यंत शंका नव्हती. १९०५ आणि १९११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकांत भारताच्या धर्मेतिहासाविषयी आदर आहे, पण त्या इतिहासाचा शेवट कुठे व्हावा हे लेखकाच्या मनात आधीच ठरलेले आहे. मिशनमधील सत्ताही गोऱ्या हातांत राहिली. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली आणि 'देवाचा दरबार' मांडला. नगरने ह्यूम यांना जो प्रश्न शिकवला होता, तोच आता मिशनला विचारला जात होता : ठरवणार कोण?

२१/
ह्यूम यांनी १९२६ पर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे, नगरमध्ये काम केले. १९२९ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले. नगरमध्ये त्यांच्या आडनावाचे प्रार्थनामंदिर आजही आहे. ह्यूम घराण्यातीलच रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी १९२१ साली तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि ते पुढे अनेक दशके पाश्चात्त्य विद्यापीठांत वापरले गेले. एका पिढीने समुद्रात देह ठेवला, दुसरीने नगरमध्ये विद्यालय चालवले, तिसरी उपनिषदांपाशी पोहोचली. हा प्रवास केवळ 'देणाऱ्यांचा' नाही.

२२/
अमेरिकन धर्मविचाराच्या इतिहासात अँडोव्हरच्या वादाला मोठे स्थान आहे. तेथे त्याची कारणे जर्मन तत्त्वज्ञानात आणि डार्विनमध्ये शोधली जातात. ती खरीच आहेत. पण त्या वादाचा सर्वांत तीव्र प्रसंग नगरच्या एका शिक्षकावरून घडला, आणि त्याला तो प्रश्न जाचला कारण त्याच्यासमोर नगर जिल्ह्यातील खेड्यांतून आलेली माणसे बसत होती. त्यांची नावे बॉस्टनच्या इतिवृत्तात नाहीत. तरीही त्यांच्या पूर्वजांनी त्या सभेत एक जागा अडवली होती, असे मला वाटते.

२३/
म्हणून पुढच्या वेळी कोणी मिशनऱ्यांविषयी पहिले किंवा दुसरे ठरीव मत मांडील, तेव्हा एवढेच विचारून पाहावे : येथे येऊन त्या माणसाचे मत कशाने बदलले? काहींच्या बाबतीत उत्तर 'कशानेही नाही' असे येईल. तेही नोंदवावे. ह्यूम यांच्या बाबतीत उत्तर येते, की इथल्या माणसांच्या आजा-पणजांनी. आपल्या मृतांना आगीत सोडून पुढे जायला जी माणसे तयार नव्हती, त्यांनी एका येलच्या पदवीधराला त्याच्याच धर्माकडे पुन्हा पाहायला लावले.

धागा येथे संपवते. नगर, शिरूर, दौंड भागांतील वाचकांच्या घरी जुन्या मंडळ्यांच्या आठवणी असतील, तर त्या जरूर लिहून ठेवाव्यात. कार्यालयांनी आपली इतिवृत्ते जपली आहेत. घरांनी जपलेले मात्र अजून लिहिले जायचे आहे.